घरच्या वेदर स्टेशनला सर्ज संरक्षण: एक रॉड जास्त ठोकला आणि स्टेशन गेलं



गेल्या वेळी डेटासेटमधल्या रिकाम्या जागांबद्दल, म्हणजे मिसिंग डेटाबद्दल लिहिलं होतं. आज माझ्याच डेटातली एक रिकामी जागा मुळात का पडली, ते सांगते. पीएचडीच्या तयारीत असलेल्यांना हा विषय जरा वायरमनचा वाटेल. पण ज्यांना पुढे कुठलंही उपकरण उघड्यावर ठेवून मोजमाप करायचं आहे (हवामान, भूजल, मातीतला ओलावा, काहीही), त्यांना हे आज ना उद्या लागणारच आहे.

काय झालं होतं

माझं काम वळवाच्या पावसावर आहे. दिवसभरात एकूण किती पडला यापेक्षा दहा मिनिटांत किती पडला, हे मला हवं असतं. त्यासाठी विद्यापीठातल्या उपकरणांशिवाय एक स्टेशन मी सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर बसवलं. लोखंडी पाइपवर वारा मोजणारी वाट्यांची फिरकी, खाली तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, बाजूला टिपिंग बकेट पर्जन्यमापक. तिथून पंधरा मीटर केबल खाली खोलीत लॉगरपर्यंत, आणि लॉगर यूएसबीने जुन्या डेस्कटॉपला जोडलेला. मी हॉस्टेलवर, त्यामुळे रोजची देखरेख बाबांकडे.

विजेची भीती होतीच. म्हणून मी दोन गोष्टी केल्या होत्या. पहिली, मास्टसाठी घरामागे वेगळा अर्थ रॉड ठोकला. घरातल्या अर्थिंगपासून लांब, ‘स्वच्छ’ असा. दुसरी, बाबांना सांगून ठेवलं, की ढग गडगडायला लागले की गच्चीवर जाऊन केबलचा कनेक्टर काढून टाकायचा.

आज विचार केला तर या दोन्ही गोष्टी चूक होत्या, आणि दुसरी तर धोकादायक.

मे महिन्यातल्या एका रात्री घरामागच्या बांधावरच्या लिंबाच्या झाडावर वीज पडली. झाड घरापासून पन्नासेक मीटरवर. आमच्या पाइपला तिचा स्पर्शही झाला नाही. तरी लॉगरचं कम्युनिकेशन पोर्ट गेलं, डेस्कटॉपचा मदरबोर्ड गेला, ब्रॉडबँडचा राउटर गेला. बाबा तेव्हा कनेक्टर काढायला निघाले होते आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर होते. दुसऱ्या दिवशी फोनवर त्यांनी आधी कॉम्प्युटरचं सांगितलं, आणि जिन्याचं अगदी शेवटी, सहज.

देशात वीज पडून मरणाऱ्यांचा आकडा २०२०, २०२१ आणि २०२२ या तिन्ही वर्षांत २,८०० च्या वर होता. तो आकडा मी माझ्या प्रस्तावनेत स्वतः लिहिलेला होता. म्हणून यापुढचं सगळं वाचताना पहिली अट लक्षात ठेवा: तुमची व्यवस्था अशी हवी, की वादळात कोणालाही गच्चीवर जावं लागू नये. ‘कनेक्टर काढून टाकू’ ही योजना नाही.

थेट वीज की शेजारची वीज?

बहुतेक जण ‘वीज माझ्याच पाइपवर पडेल का’ एवढाच प्रश्न विचारतात. जरा हिशोब करून बघू.

जमिनीपासून दहा मीटर उंच मास्टसाठी ढोबळ नियम असा, की उंचीच्या तिप्पट त्रिज्येच्या वर्तुळात पडू पाहणारी वीज तो आपल्याकडे घेतो. त्रिज्या ३० मीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण २,८०० चौरस मीटर. समजा तुमच्या भागात वर्षाला दर चौरस किलोमीटरमध्ये ५ विजा जमिनीवर पडतात (हे मी गृहीत धरलेलं आहे, तुमच्या भागाचा आकडा तुम्ही घाला). तर मास्टवर थेट वीज पडण्याची शक्यता वर्षाला ०.०१४, म्हणजे सत्तर वर्षांत एकदा.

आता १०० मीटरच्या आत कुठेही वीज पडण्याचा हिशोब करा. क्षेत्रफळ ३१,४०० चौरस मीटर. शक्यता वर्षाला ०.१५७, म्हणजे साधारण सहा वर्षांत एकदा. पीएचडीच्या कालावधीशी ताडून बघा!

थोडक्यात, थेट विजेपासून पूर्ण संरक्षण हा मोठा आणि खर्चिक विषय आहे. त्यात विद्युतवाहक, जाड पट्ट्या, इमारतीचं डिझाइन असं सगळं येतं. तो आज बाजूला ठेवू. शेजारी पडणाऱ्या विजेपासून मात्र आपण बऱ्यापैकी वाचू शकतो, आणि खरा त्रास तिचाच असतो.

स्पर्श न करता वीज नुकसान कसं करते?

दोन वाटा आहेत. दोन्ही आपल्याला बारावीच्या भौतिकशास्त्रात शिकवलेल्या आहेत.

*पहिली वाट: हवेतून.* विजेचा प्रवाह फार वेगाने वाढतो. एका मायक्रोसेकंदात दहा हजार ॲम्पिअर हा वेग अजिबात अतिशयोक्तीचा नाही. एवढ्या वेगाने बदलणारं चुंबकीय क्षेत्र वाटेत येणाऱ्या तारेच्या प्रत्येक वेटोळ्यात व्होल्टेज निर्माण करतं. वेटोळं म्हणजे गुंडाळलेलीच वायर हवी असं नाही. गच्चीवरून खाली आलेली केबल एका भिंतीने आणि अर्थची वायर दुसऱ्या भिंतीने गेली, तर त्यांच्यामधली भिंत हेच वेटोळं. माझ्याकडे ते साधारण दहा चौरस मीटरचं होतं. पन्नास मीटरवरच्या विजेसाठी त्यात जवळजवळ ४०० व्होल्ट येतात. ज्या चिपला उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच सोसतात, तिला ४०० व्होल्ट.

*दुसरी वाट: जमिनीतून.* आणि माझ्या मते हीच आपण विसरतो.

गावाकडच्यांना हे सांगायला नको, की झाडाखाली बांधलेली गुरं विजेने दगावतात. अनेकदा वीज झाडावर पडलेली असते, जनावरावर नाही. मग होतं काय? झाडातून जमिनीत उतरलेला प्रवाह चहूकडे पसरतो. झाडाजवळच्या जमिनीचं व्होल्टेज जास्त, लांबच्या जमिनीचं कमी. गाईचे पुढचे पाय एका व्होल्टेजवर आणि मागचे दुसऱ्या. त्या फरकामुळे प्रवाह पुढच्या पायांतून छातीतून मागच्या पायांत जातो. म्हणूनच उघड्यावर अडकलेल्या माणसाला दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसायला सांगतात.

आता माझं स्टेशन डोळ्यांसमोर आणा. एक पाय घरामागच्या ‘स्वच्छ’ रॉडवर: पाइप, त्याला जोडलेलं केबलचं शील्ड. दुसरा पाय घरापुढच्या अर्थिंगवर: डेस्कटॉपची थ्री-पिन, त्याला जोडलेली यूएसबी, तिला जोडलेला लॉगर. दोन पायांमध्ये दहा मीटर अंतर.

जमीन सगळीकडे सारखी धरली तर एखाद्या ठिकाणचं व्होल्टेज काढायला सूत्र सोपं आहे: मातीची रोधकता गुणिले प्रवाह, भागिले २π गुणिले अंतर. रोधकता १०० ओहम-मीटर आणि प्रवाह ३० किलोॲम्पिअर धरा. ५० मीटरवर सुमारे ९,५५० व्होल्ट. ६० मीटरवर सुमारे ७,९६० व्होल्ट. फरक जवळजवळ १,६०० व्होल्ट. आणि या दोन टोकांना जोडणारी एकमेव तार कोणती? माझी सेन्सरची केबल, मध्ये लॉगर आणि डेस्कटॉप.

म्हणजे मी सुरक्षेसाठी ठोकलेल्या जादा रॉडनेच माझ्या स्टेशनला चार पायांचं जनावर करून झाडाखाली बांधलं होतं.

इथे या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. सर्ज संरक्षण म्हणजे वीज अडवणं नाही. सगळं घर काही मायक्रोसेकंद ९,००० व्होल्टवर गेलं तरी चालेल, फक्त घरातली प्रत्येक तार सोबत वर गेली आणि सोबत खाली आली पाहिजे. नुकसान व्होल्टेजने होत नाही, दोन तारांमधल्या फरकाने होतं. विजेच्या तारेवर बसलेला पक्षी यामुळेच सुखरूप असतो.

बसवताना: पायरी पायरीने

*पायरी ०: तारच नको.*

स्टेशन अजून घेतलेलं नसेल तर हे आधी वाचा. बाहेरचं युनिट सौर पॅनेल आणि बॅटरीवर चालणारं, रेडिओने डेटा पाठवणारं घ्या. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या अशा उपकरणांसाठी परवान्याशिवाय वापरता येतो. गच्ची आणि खोली यांच्यामध्ये तांब्याची तारच नसेल, तर दोन पायांचा प्रश्नच मिटतो. बाहेरचं युनिट गेलं तरी तेवढंच जाईल. डेटा फार असेल तर फायबरची जोडणी हा दुसरा पर्याय, काचेतून सर्ज जात नाही (फक्त आत धातूची तार नसलेली फायबर केबल घ्या). मला केबल ठेवावी लागली, कारण माझा लॉगर आणि सेन्सर आधीच घेतलेले होते. शिष्यवृत्ती वर्षातून एकदाच येते, ती कधी येते हे तुम्हाला माहीत आहेच.

*पायरी १: एक अर्थ.*

मास्टचा रॉड काढून टाकायची गरज नाही. तो घरच्या अर्थिंगला १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने जोडा. वायर सरळ, काटकोनात वळणं न घेता. आणि आधी घरच्या अर्थिंगची अवस्था तपासून घ्या. आमच्याकडे वायरमनकाकांनी अर्थ टेस्टर लावला तेव्हा कळलं, की खड्ड्यातली क्लॅम्पच गंजून सुटली होती. म्हणजे इतकी वर्षं सॉकेटची तिसरी पिन नावापुरतीच. शिवाय आमची काळी माती. पावसाळ्यात ती उत्तम वाहक, पण मे महिन्यात भेगा पडून रॉडपासून सुटते. वळवाची वीज नेमकी याच महिन्यात. म्हणून रॉड भेगांच्या खाली, ओलाव्यापर्यंत खोल हवा, आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतायची जुनी सवय सोडू नका.

*पायरी २: एकच दार.*

नुसतं रॉड जोडून भागत नाही. का? तर सरळ वायरचीही इंडक्टन्स असते, साधारण मीटरला एक मायक्रोहेन्री. ऐकायला नगण्य. पण आठ मायक्रोसेकंदांत पाच किलोॲम्पिअर वाढले, तर त्या एका मीटरवर ६०० व्होल्टच्या वर पडतात. दहा मीटर जोडवायर म्हणजे विजेच्या दृष्टीने जोडलेलं असून नसल्यासारखं.

उपाय असा, की घरात येणाऱ्या सगळ्या तारा एकाच जागेतून आत आणायच्या: मेन लाइन, सेन्सरची केबल, ब्रॉडबँडची केबल. तिथे एक धातूची पट्टी किंवा पत्र्याचा डबा बसवायचा, सगळे संरक्षक त्याच पट्टीवर, आणि त्या पट्टीवरून एक आखूड जाड वायर अर्थिंगला. मग ती पट्टी वर जाईल तेव्हा सगळ्या तारा तिच्यासोबत वर जातील. गाईचे चारही पाय एका पाटावर. मी लॉगर खोलीतून उचलून मीटरच्या बोर्डाशेजारी आणला, कारण मेन लाइन हलवण्यापेक्षा केबल हलवणं सोपं होतं.

*पायरी ३: मेन लाइन.*

हे काम स्वतः करू नका, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. त्यांना काय सांगायचं ते मात्र तुम्हाला माहीत हवं. डिस्ट्रिब्युशन बोर्डात टाइप २ चा एसपीडी, म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस. घराला स्वतःचा अर्थ रॉड असेल (गावाकडे बहुधा असतोच) तर सिंगल फेजसाठी ‘१+१’ जोडणीचा. त्यात फेज आणि न्यूट्रलमध्ये व्हॅरिस्टर असतो, न्यूट्रल आणि अर्थमध्ये गॅस ट्यूब. आपल्याकडे रात्री व्होल्टेज २५० च्या वर जातं, म्हणून २७५ किंवा ३२० व्होल्टचा घ्यावा. त्याहून कमीचा घेतला तर तो वीज न पडताच हळूहळू तापून मरतो.

एसपीडीला जाणाऱ्या आणि तिथून अर्थला जाणाऱ्या वायरींची लांबी मिळून अर्धा मीटरच्या आत हवी. वरचा ६०० व्होल्टचा हिशोब आठवा. महागडा एसपीडी मीटरभर सुंदर वळणदार वायरीने जोडला, तर त्याच्या स्वतःच्या व्होल्टेजवर आणखी ६०० व्होल्ट तुमच्या उपकरणाला मिळतात. आमच्या वायरमनकाकांनी पहिल्यांदा वायर छान गुंडाळून, टाय लावून बसवली होती. दिसायला नीटनेटकी. मी आखूड करायला सांगितल्यावर ते म्हणाले, “ताई, दिसायला बरं नाही दिसणार.” नाही दिसलं तरी चालेल!

*पायरी ४: सेन्सरच्या तारा.*

इथे एकच घटक पुरत नाही, कारण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे:

- गॅस ट्यूब: हजारो ॲम्पिअर पेलते, पण उठायला वेळ लावते. ९० व्होल्टची म्हणून घेतली तरी झटपट वाढणाऱ्या सर्जला ती कित्येक शे व्होल्टवर पेटते.
- टीव्हीएस डायोड: अतिशय चपळ, व्होल्टेज अचूक धरतो, पण ताकद कमी.
- व्हॅरिस्टर: मधला. प्रत्येक सर्जनंतर थोडा झिजतो, आणि त्याची धारिता जास्त असल्यामुळे वेगवान सिग्नलच्या तारेवर नको.

म्हणून जोडी लावायची. बाहेरच्या बाजूला गॅस ट्यूब, मग दहाएक ओहमचा रेझिस्टर, मग उपकरणाच्या बाजूला टीव्हीएस डायोड. सर्ज आला की आधी डायोड धरतो. प्रवाह वाढतो तसं रेझिस्टरवर व्होल्टेज साठतं, ते पुरेसं झालं की गॅस ट्यूब पेटते आणि मोठा भार आपल्याकडे घेते. रेझिस्टर नसेल तर डायोड सगळं स्वतःवर घेऊन जळतो आणि गॅस ट्यूब झोपलेलीच राहते. आरएस-४८५ च्या तारांसाठी त्याच व्होल्टेजचा खास डायोड मिळतो, एसएम७१२ नावाचा. एक सावधगिरी: सेन्सरला वीज पुरवणाऱ्या १२ व्होल्ट डीसीच्या तारेवर नुसती गॅस ट्यूब लावू नका. एकदा पेटली की पुरवठ्याचाच प्रवाह तिला पेटती ठेवू शकतो. तिथे टीव्हीएस किंवा व्हॅरिस्टर.

हाच संच केबलच्या दोन्ही टोकांना हवा. खालचा लॉगरला वाचवतो, वरचा सेन्सरना.

*पायरी ५: केबलचा मार्ग.*

केबल पीळ दिलेल्या जोड्यांची आणि शील्डची घ्या. ती अर्थ वायरला लगटून खाली आणा, म्हणजे मधलं वेटोळं लहान होतं. आमच्या दहा चौरस मीटरचं आता एका चौरस मीटरच्या आत आलं आहे, आणि ४०० व्होल्टचे ४०. यासाठी खर्च काहीच नाही, फक्त अर्धा दिवस शिडीवर. उरलेली केबल गुंडाळून ठेवू नका, कापा. आणि संरक्षकाच्या अलीकडची व पलीकडची तार एकाच पट्टीत बांधू नका. नाहीतर अडवलेला सर्ज शेजारून उडी मारून परत आत येतो.

मेलेला सेन्सर बरा, पण जखमी सेन्सर नको

आता संशोधनाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग. लॉगर बंद पडला ते लगेच कळलं. दोन गोष्टी मात्र लगेच कळल्या नाहीत.

एक: लॉगरचं मेमरी कार्ड वाचलं होतं. त्यात झाडावर वीज पडण्याआधीच्या वीस मिनिटांत पर्जन्यमापकाच्या सात टिपा नोंदलेल्या होत्या. एक टीप ०.२ मिलिमीटरची, म्हणजे १.४ मिलिमीटर पाऊस. पण बाबा म्हणतात, तोवर थेंबही पडला नव्हता, गच्ची कोरडी होती. टिपिंग बकेटमध्ये भांडं झुकलं की एक चुंबकी स्विच क्षणभर मिटतो आणि लॉगर तो मोजतो. लांब केबलवर दूरच्या विजेचा एक झटका आला, तरी लॉगरला तो ‘मिटलेला स्विच’ वाटू शकतो. म्हणजे माझ्या डेटात विजा पाऊस म्हणून मोजल्या जात होत्या! उपाय स्वस्त आहे: इनपुटला १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडचा फिल्टर. त्याचा कालावधी १० मिलिसेकंद. खरा स्विच याहून बराच जास्त वेळ मिटलेला असतो, तो मोजला जातो, झटका गाळला जातो.

दोन: आर्द्रतेचा सेन्सर नव्या लॉगरला लावला, चालू झाला, आकडे आले. तीन आठवड्यांनी ओल्या-कोरड्या थर्मामीटरशी ताडून पाहिलं, तर तो सतत जास्त दाखवत होता. विजेमुळेच बिघडला हे मी सिद्ध करू शकत नाही, कारण वादळाच्या आदल्या दिवसाची तुलना माझ्याकडे नव्हती. म्हणून ते तीन आठवडे मी डेटातून काढले, आणि का काढले ते लिहून ठेवलं.

आता मिसिंग डेटाच्या लेखाशी दुवा जोडते. पावसाचा डेटा गेला तो कुठल्याही दिवशी गेला नाही. ज्या रात्री सगळ्यात जोरदार वादळ झालं, नेमका त्याच रात्री गेला. सकाळी बाबांनी साध्या पर्जन्यमापकात ३१ मिलिमीटर मोजला, पण तो दहा मिनिटांत किती पडला ते आता कधीच कळणार नाही. अशा रिकाम्या जागा योगायोगाने पडत नाहीत. त्या सरासरीने भरल्या, तर वळवाचा पाऊस आहे त्यापेक्षा सौम्य दिसेल. वादळांचा अभ्यास करणाऱ्याचं उपकरण वादळात बंद पडत असेल, तर तो प्रश्न वायरिंगचा राहत नाही, निष्कर्षाचा होतो. सरांनी हे ऐकून एकच प्रश्न विचारला, “मग आधीच्या वर्षाचा डेटा तू तपासलास का?” तपासला. त्यातही दोन रात्री कोरड्या टिपा सापडल्या.

म्हणून आता मी तीन साध्या सवयी लावून घेतल्या आहेत:

१. डेटाच्या फाइलमध्ये एक जादा रकाना: जवळ वीज पडल्याचं कळलं की तारीख-वेळ आणि एक खूण. त्या खुणेनंतरचा डेटा तपासल्याशिवाय वापरायचा नाही.

२. शेजारी एक साधं, बिनतारेचं पर्जन्यमापक. त्याला वीज काही करू शकत नाही.

३. एसपीडीच्या खिडकीचा रंग दर महिन्याला बघून नोंदवायचा. हिरवा म्हणजे शाबूत, लाल म्हणजे बदला. लाल झाल्यावरही घरातले दिवे लागतातच, म्हणून कोणी बघितलं नाही तर ते कळत नाही.

मग आता वाचलं का?

यंदाच्या वळवात पुन्हा एकदा जवळ वीज पडली. कुठे ते कळलं नाही, पण उजेड आणि आवाज एकदमच आले असं आई म्हणाली. लॉगर चालू राहिला, कोरड्या टिपा नाहीत, खिडकी हिरवी. यावरून ‘माझं संरक्षण यशस्वी झालं’ असं लिहायचा मोह होतो. पण शेजारी संरक्षण नसलेलं दुसरं स्टेशन नव्हतं, आणि त्या विजेचा प्रवाह किती होता, ती किती लांब पडली हे मला ठाऊक नाही. एका घटनेवरून एवढंच म्हणता येतं, की या वेळी बिघडलं नाही.

एक गोष्ट मात्र नक्की सांगू शकते. त्या रात्री बाबा जेवत होते. गडगडाट सुरू झाल्यावर सवयीने उठले, मग आठवलं, आणि परत ताटावर बसले.

तुमच्याकडे स्टेशन असेल तर आजच एक काम करा. कागदावर घराचा नकाशा काढा, स्टेशनला जोडलेली प्रत्येक तार दाखवा, आणि प्रत्येक तार शेवटी कुठल्या अर्थिंगला जाते ते लिहा. दोन वेगळी टोकं सापडली, तर दुरुस्ती कुठून सुरू करायची ते कळलं. शंका असतील तर नकाशासकट विचारा, मिळून बघू. पुढच्या लेखात पर्जन्यमापकाचं कॅलिब्रेशन घरच्या घरी, सलाईनच्या बाटलीने कसं करायचं ते सांगेन.